मूळपुरुषाच्या आधी कोण?

श्रोतेहो, मागच्या वेळी आपण आदिकारणाच्या युक्तिवादापाशी थांबलो होतो. व्याख्यान संपल्यावर एक तरुण श्रोता आमच्याकडे आला आणि म्हणाला, ‘सर, हे सगळं आम्हाला कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमात होतं. ज्या नोडकडे एकही बाण येत नाही तो शोधा. दहा ओळींचा प्रोग्रॅम आहे.’ आम्ही त्याचे आभार मानले आणि घरी गेलो, पण ते ‘दहा ओळी’ काही डोक्यातून जाईनात. ज्या प्रश्नावर आम्ही पस्तीस वर्षं वर्ग घेतले तो दहा ओळींत सुटत असेल, तर एकतर आम्ही वेळ घालवला किंवा त्या दहा ओळींत काहीतरी गृहीत धरलेलं आहे. दुसरी शक्यता आम्हाला अर्थातच जास्त आवडली. म्हणून जाहीर केलेला विषय आज थोडा बाजूला ठेवू आणि या बाणांचा इतिहास बघू.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. फळ्यावर काही बिंदू काढा. काही बिंदूंपासून दुसऱ्या बिंदूंकडे बाण काढा. गणिती याला दिशायुक्त आलेख म्हणतात, संगणकवाले डायरेक्टेड ग्राफ म्हणतात. बाणाचा अर्थ काहीही असू शकतो: हा त्याचा बाप, हे त्याचं कारण, हे त्याच्या आधी झालं पाहिजे, ही पोथी त्या पोथीवरून उतरवली. आता विचारायचं, असे बिंदू कोणते की ज्यांच्याकडे एकही बाण येत नाही? आपण त्यांना उगमबिंदू म्हणू.

मराठी माणसाला हा आलेख नवा नाही. आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तान्त आहे, तुमच्यापैकी अनेकांच्या कपाटात तुमचा असेल. सगळ्यात वर मूळपुरुष, त्याच्याखाली मुलगे, त्यांच्याखाली त्यांचे मुलगे. मूळपुरुष म्हणजे ज्याच्याकडे बाण येत नाही तो. मधेच एखादा दत्तक गेलेला मुलगा असतो. त्याच्याकडे दोन बाण येतात, एक जनक घराण्याकडून आणि एक दत्तक घराण्याकडून. हे दोन बाण लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पण लहानपणापासून आम्हाला त्या वंशावळीत एक गोष्ट खटकायची. मूळपुरुष एकच, असं पहिल्या पानावर म्हटलं आहे. आम्ही पेन्सिल घेऊन बघायचो तर बाण न येणारी माणसं पानोपानी होती, आणि त्या सगळ्या बायका. घरात सून आली की तिचं सासरचं नाव नवऱ्याच्या नावाशेजारी छापायचं. ती कुणाची मुलगी, हे कुठे दिलेलं आहे, कुठे नाही. आमच्या आजीचं दिलेलं नाही. आलेखाच्या भाषेत बोलायचं तर आमची आजी उगमबिंदू आहे, मूळपुरुषाइतकीच आदिम. तिच्या आधी कुणीच नाही!

आजीच्या वडिलांचा पत्ता आम्हाला पुढे लागला तो माळ्यावरच्या पितळी परातीच्या काठावर. रुखवतात आलेली परात, तिच्यावर टोचून कोरलेलं देणाऱ्याचं नाव. बाण होता, फक्त तो पुस्तकात नव्हता. भांड्यावर होता.

आता या तरुण मित्राच्या दहा ओळी काय करतात ते पाहू. कुलवृत्तान्तात प्रत्येक नावाखाली त्याच्या मुलांची नावं असतात, बापाचं नाव वेगळं दिलेलं नसतं. म्हणजे बिंदूकडून जाणारे बाण लिहिलेले, येणारे नाहीत. संगणकातसुद्धा बहुतेक वेळा यादी अशीच ठेवतात. मग समजा, पान ७३ वर ‘बाळंभट’ सापडला. त्याला बाप आहे की नाही? हे बाळंभटाच्या पानावर कळणार नाही. सगळं पुस्तक चाळावं लागेल, कुणाच्या तरी मुलांत बाळंभट आहे का ते बघत. आणि हे प्रत्येक नावासाठी वेगळं करत बसलो तर आयुष्य जाईल. म्हणून शहाणी रीत अशी: आधी सगळ्या नावांची एक यादी करायची. मग पुस्तक एकदाच, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं आणि मुलगा म्हणून जे जे नाव येईल ते यादीतून खोडायचं. शेवटी जी नावं खोडली गेली नाहीत ते उगमबिंदू. एका वाचनात काम झालं. मेहनत किती? जितके बिंदू आणि जितके बाण, तितकीच. दहा ओळी म्हणतात त्या या, आणि त्या अगदी बरोबर आहेत.

फक्त एक बघा. बाळंभट उगमबिंदू नाही, हे सिद्ध करायला एक बाण सापडला की पुरे. तो तिसऱ्या पानावर सापडला तर पुढचं पुस्तक वाचायची गरज नाही. पण बाळंभट उगमबिंदू आहे, हे सिद्ध करायला शेवटचं पान, शेवटची ओळ वाचून व्हावी लागते. उगम दिसत नाही. बाण नसणं दिसतं. तो भाव नाही, अभाव आहे. आणि अभाव ओळखायचा कसा, यावर आपल्याकडे जेवढी भांडणं झाली आहेत तेवढी क्वचितच कुठे झाली असतील.

जमिनीवर घडा नाही, हे मला कसं कळतं? भाट्ट मीमांसक म्हणाले, ‘अनुपलब्धी’ हे त्यासाठी स्वतंत्र प्रमाण मानावं लागेल. नैयायिक म्हणाले, स्वतंत्र प्रमाण कशाला, अभाव प्रत्यक्षानेच कळतो. या तपशिलात आज शिरत नाही. मात्र एका अटीवर दोघांचंही साधारण जमतं: न दिसणं तेव्हाच पुरावा ठरतं, जेव्हा ती वस्तू असती तर दिसलीच असती. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. खोलीत उजेड आहे, डोळे शाबूत आहेत, घडा दिसण्याजोगा आहे आणि तरी दिसत नाही, तर घडा नाही. अंधारात घडा दिसला नाही म्हणून काहीच सिद्ध होत नाही. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने, हा बौद्ध परंपरेतला, याच मुद्द्यावर पिशाचाचं उदाहरण वापरलं. पिशाच हे मुळातच दिसण्याजोगं नाही असं तुम्ही मानता ना, मग ते दिसलं नाही यावरून ते नाही असं म्हणता येणार नाही.

आमच्या आजीचा बाप कुलवृत्तान्तात दिसला नाही. पण त्या पुस्तकात तो दिसण्याजोगा होता का? पुस्तकाचा नियमच असा की सुनांचे बाप नोंदवायचे नाहीत. तिथे अनुपलब्धी होती, योग्यानुपलब्धी नव्हती.

आता दुसरा मुद्दा. मुळात उगमबिंदू असलाच पाहिजे का? इथे गणिताचं एक छोटं, फार देखणं प्रमेय आहे. बिंदू मोजके असतील आणि बाणांत कुठेही चक्र नसेल, तर निदान एक उगमबिंदू असतोच. सिद्धता चहाच्या टेबलावर होण्याजोगी आहे. कुठल्याही बिंदूवर उभे राहा आणि येणाऱ्या बाणावरून उलटे मागे चला. मागे, अजून मागे. एकतर कुठेतरी असे थांबाल की मागे जायला बाणच नाही, तो उगमबिंदू. नाहीतर चालतच राहाल. पण बिंदू मोजके आहेत, म्हणजे कधी ना कधी आधी पाहिलेल्या बिंदूवर परत याल, आणि ते झालं चक्र. चक्र नाही असं आपण ठरवलं होतं, म्हणजे थांबणं भाग आहे.

हे आम्ही पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्हाला हसू आलं, कारण न्यायातल्या तर्कदोषांची यादीच कुणीतरी चित्रात काढली होती. आत्माश्रय: बिंदूचा बाण स्वतःकडेच. अन्योन्याश्रय: दोन बिंदू, एकमेकांकडे बाण. चक्रक: तीन किंवा जास्त बिंदूंचा फेरा. आणि अनवस्था: मागे मागे जात राहा, शेवटच नाही. उगमबिंदू न सापडण्याच्या वाटा एवढ्याच, आणि आपल्या पंडितांनी प्रत्येकीला वेगळं नाव देऊन ठेवलं होतं. ग्रीकांकडेही हेच. अॅरिस्टॉटल ‘पोस्टेरियर अॅनालिटिक्स’च्या पहिल्या भागात विचारतो, प्रत्येक ज्ञानाला सिद्धता हवी असेल तर काय होईल? कुणी म्हणतात अनंत मागे जावं लागेल, म्हणून ज्ञान अशक्य. कुणी म्हणतात सिद्धता वर्तुळात फिरली तरी चालेल. अॅरिस्टॉटलला दोन्ही नको आहेत. तो म्हणतो, काही तत्त्वं अशी आहेत की ज्यांना सिद्धता लागत नाही. म्हणजे उगमबिंदू आहेत.

आणि शंकराचार्यांना अनवस्थेची भीतीच नाही. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायातल्या भाष्यात ते संसार अनादि मानतात: बीजापासून अंकुर, अंकुरापासून बीज, कर्मापासून देह, देहापासून कर्म. पहिलं कोणतं, हा प्रश्नच त्यांनी मोडीत काढला. गणितीही त्यांच्याशी भांडणार नाही. तो म्हणेल, बिंदू मोजके आहेत असं मी म्हटलं होतं, तुम्ही अनंत घेतलेत, माझं प्रमेय तुम्हाला लागू नाही.

इथे एक घसरगुंडी आहे, तेवढी दाखवून पुढे जातो. प्रमेय म्हणतं ‘निदान एक’. ‘एकच’ असं म्हणत नाही. प्रत्येक साखळीला आरंभ आहे यावरून सगळ्या साखळ्यांचा आरंभ एकच आहे, हे निघत नाही. तेराव्या शतकातल्या टॉमस अॅक्वायनसच्या ‘पहिल्या कारणा’च्या युक्तिवादावर नेमका हाच आक्षेप घेतला गेला आहे. माणसाला एकाचा मोह फार. आमच्या कुलवृत्तान्तालाही तो आवरला नाही.

बरं, हा सगळा विचार दोन-अडीच हजार वर्षं जुना. मग तो दहा ओळींचा प्रोग्रॅम कधी आणि कशासाठी झाला? उत्तर ऐकून जरा बिचकायला होतं: क्षेपणास्त्रांसाठी. १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेचं नौदल पाणबुडीतून सोडायचं पोलॅरिस क्षेपणास्त्र बनवत होतं. हजारो कामं, शेकडो कंत्राटदार. कोणतं काम कशाच्या आधी, याचा आलेख मांडून वेळ काढण्याची ‘पर्ट’ नावाची पद्धत त्यासाठी तयार झाली. त्याच सुमारास ड्यूपाँ या रसायन कंपनीसाठी केली आणि वॉकर या दोघांनी ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत बसवली. (पोलॅरिसच्या यशात पर्टचा वाटा किती आणि तिच्या नावाचा दबदबा किती, हा वादाचा विषय आहे. हार्वी सापोल्स्की या अभ्यासकाने १९७२ च्या पुस्तकात दाखवलं की बाहेरच्यांना गप्प ठेवायला ती पद्धत फार उपयोगी पडली. तक्ते भिंतीवर असले की साहेब प्रश्न विचारत नाहीत, हे आपल्यालाही ठाऊक आहे.)

अडचण अशी होती की हे आलेख यंत्राला द्यायचे तर कामं ओळीने लावून द्यावी लागत, असं की कोणतंही काम त्याच्या आधीच्या कामापूर्वी येऊ नये. १९६२ च्या नोव्हेंबरात ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात वेस्टिंगहाऊस कंपनीतल्या आर्थर कान यांचा एक लहानसा लेख आला. त्यांची रीत आम्ही पुरणपोळीवर सांगतो, कारण पोलॅरिस आम्ही कधी केलेलं नाही.

डाळ भिजल्याशिवाय शिजत नाही. शिजल्याशिवाय कट निघत नाही. कट निघाला की त्याचे दोन बाण, एक आमटीकडे आणि एक पुरणाकडे. पुरणाला गूळ चिरलेला हवा, वेलची कुटलेली हवी. कणीक मळून मुरल्याशिवाय पोळी लाटता येत नाही, आणि पुरण वाटलेलं नसेल तर नुसती कणीक काय कामाची. आता सकाळी उठल्या उठल्या काय करता येईल? ज्याच्याकडे बाण येत नाही ते: डाळ भिजत घालणं, गूळ चिरणं, वेलची कुटणं, कणीक मळणं. चार उगमबिंदू. यातलं एक काम झालं की त्याच्यापासून निघालेले बाण पुसायचे. डाळ भिजली, बाण पुसला, आणि ‘शिजवणं’ आता उगमबिंदू झालं. असं करत शेवटी पोळी.

कान यांचं कसब पुढे आहे. दरवेळी उगमबिंदू शोधायला सगळा आलेख पुन्हा वाचायचा नाही. सुरुवातीला एकदाच वाचायचा आणि प्रत्येक बिंदूशेजारी त्याच्याकडे येणाऱ्या बाणांची संख्या लिहून ठेवायची. बाण पुसला की संख्या एकाने कमी. शून्य झाली की तो बिंदू रांगेत. तीस हजार कामांचा आलेख आयबीएम ७०९० या यंत्रावर तासाभराच्या आत लावता येतो, असं लेखाच्या सारांशातच म्हटलं आहे. आज आमच्या नातीचा फोन ते डोळ्याचं पातं लवायच्या आत करील. आणि रांग रिकामी झाली पण बिंदू शिल्लक आहेत, असं झालं तर? तर आलेखात चक्र आहे. नकाशा मंजूर झाल्याशिवाय दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय नकाशा मंजूर नाही. अन्योन्याश्रय केवळ न्यायशास्त्रात राहत नाही, त्याची कचेरीतही नेमणूक झालेली असते.

आम्हाला कान यांच्या रीतीत तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ‘शिजवणं’ सकाळी सहाला उगमबिंदू नव्हतं, आठला झालं. म्हणजे उगम असणं हा त्या बिंदूचा स्वभाव नाही. त्या घटकेला यादीत कोणते बाण उरले आहेत, यावर ते ठरतं. कान यांना याची चिंता नव्हती, कारण यादी इंजिनियरनेच केलेली. बाण त्याच्या हातचे, सगळे उजेडात. तिथे अनुपलब्धी ही योग्यानुपलब्धीच आहे. इतिहास लिहिणाऱ्याचं तसं नसतं. त्याच्या आलेखातले बाण दुसऱ्या कुणीतरी, कधीतरी काढलेले असतात, आणि पुष्कळसे पुसलेले असतात.

पुण्यात असा एक आलेख जवळजवळ अर्धं शतक चालू होता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक होते. बर्लिनला ल्यूडर्सच्या हाताखाली तयार झालेला माणूस. १९३३ मध्ये आदिपर्व पुरं झालं, १९४३ मध्ये सुखटणकर गेले, पुढे बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांनी काम नेलं, आणि १९६६ मध्ये ते संपलं. देशभरातून आलेल्या बाराशेहून जास्त पोथ्या त्यासाठी तपासल्या गेल्या.

युरोपात एकोणिसाव्या शतकात पोथ्यांच्या वंशावळी लावण्याची पद्धत बसली होती. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक असेल तर त्या एका आईच्या लेकी. असं मागे मागे जाऊन सगळ्यांची मूळ पोथी गाठायची. आता गंमत बघा. हातात असलेली प्रत्येक पोथी कशावरून तरी उतरवलेली, म्हणजे प्रत्येकीकडे बाण येतोच, पण ज्या पोथीकडून येतो ती बहुधा वाळवीने नाहीतर पुराने नेलेली. म्हणजे उगमबिंदू जमवलेल्या पोथ्यांत नाहीच. तो तर्काने उभा करायचा.

शिवाय महाभारताची पोथी उतरवणारा लेखक नुसता नकलाकार नव्हता. त्याच्यापुढे एक पोथी असे, शेजारच्या मठात दुसरी. तिच्यात चार श्लोक जास्त दिसले की हा ते आपल्या पोथीत घेई, कशाला पुण्य सोडा! म्हणजे पोथीकडे दोन बाण. आमच्या दत्तक मुलासारखं. असे शेकडो दत्तक झाल्यावर वंशवृक्ष वृक्ष राहत नाही, त्याचं जाळं होतं. युरोपातली शुद्ध पद्धत इथे जशीच्या तशी चालणार नाही, हे सुखटणकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत स्वच्छ लिहिलं. मग त्यांनी काय केलं? ज्या परंपरांचा एकमेकींशी संबंध आलेला दिसत नाही, उदाहरणार्थ काश्मिरी शारदा पोथ्या आणि दक्षिणेकडच्या पोथ्या, त्यांच्यात जे जुळतं ते जुनं, असा कौल मानला. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही आपल्या सगळ्यांची लाडकी गोष्ट या कसोटीत टिकली नाही, परिशिष्टात गेली. लोक दुखावले. आम्हालाही लहानपणी ते कळलं तेव्हा वाईट वाटलं होतं.

पण सुखटणकरांनी कधीही असं म्हटलं नाही की हे घ्या व्यासांचं महाभारत. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जिथवर मागे जाता येतं तिथवरचं हे सर्वांत जुनं रूप, एवढाच त्यांचा दावा होता. त्याच्या आधी काहीच नव्हतं असा नव्हता. उलट आधी बरंच काही असणार, पण तिथपर्यंत जायला आपल्याकडे बाण नाहीत. शब्द किती तोलून वापरले आहेत बघा. आमच्या मते त्या आवृत्तीतली सर्वांत मोठी विद्वत्ता पाठभेदांच्या रकान्यांत नाही, या एका मर्यादेत आहे.

हे वाक्य न उच्चारल्याने काय होतं, त्याची गोष्ट आता सांगतो. ती दूरची आहे, अमेरिकेतली, आणि एका माणसाच्या जिवावरची आहे.

१९८०-८१ मध्ये अमेरिकेत तरुण समलिंगी पुरुष एका अनोळखी आजाराने मरू लागले. विषाणू अजून सापडला नव्हता. हा आजार संसर्गाने पसरतो का, तेच ठरत नव्हतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातले विल्यम डॅरो, डेव्हिड ऑरबाख आणि त्यांचे सहकारी लॉस एंजेलिसमधल्या रुग्णांना भेटले आणि कुणाचा कुणाशी संबंध आला होता, याचा आलेख त्यांनी काढला. पुढे तो दहा शहरांतल्या ४० रुग्णांपर्यंत गेला आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. आजार लैंगिक संबंधांतून पसरत असावा, या म्हणण्याला त्याने मोठा आधार दिला. काम मोलाचं होतं, यात शंका नाही.

त्या आलेखाच्या मध्यावर एक रुग्ण होता. तो कॅलिफोर्नियाचा नव्हता, म्हणून ‘कॅलिफोर्नियाबाहेरचा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांतलं ‘ओ’ हे आद्याक्षर त्याला दिलं गेलं. इंग्रजी टाइपात ते अक्षर आणि शून्य यांत फरक करणं कठीण. हळूहळू तो ‘पेशंट झीरो’ झाला, छापील लेखातही शून्यच आलं. आपल्या लिपीत हा घोळ झाला नसता, ओ तो ओ आणि शून्य ते शून्य. पण तिथे झाला, आणि शून्य म्हटल्यावर माणसाच्या मनात आरंभ येतोच.

तो माणूस म्हणजे गाएतान ड्युगा, कॅनडातला विमान कर्मचारी. १९८४ च्या मार्चमध्ये तो वारला. तीन वर्षांनी रँडी शिल्ट्स या पत्रकाराच्या पुस्तकातून त्याचं नाव जाहीर झालं, आणि न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने अमेरिकेला एड्स देणारा माणूस म्हणून त्याला पहिल्या पानावर छापलं. मूळ अभ्यासाने असा दावा केलेला नव्हता. मेलेला माणूस उत्तर देऊ शकत नव्हता. त्याच्या घरच्यांनी ते वर्षानुवर्षं सोसलं.

तो आलेखाच्या मध्ये का दिसत होता, ते विचारा. संशोधकांशी बोलताना बहुतेकांना आपल्या जोडीदारांची मोजकीच नावं सांगता आली. ड्युगाने ७२ जणांची नावं दिली. त्याने सहकार्य केलं, त्याची स्मरणशक्ती चांगली होती, म्हणून त्याच्याकडून निघणारे बाण भरपूर नोंदले गेले. त्याच्याकडे येणारा बाण कुणाला दिसला नाही. आणि संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ त्या वेळी महिन्यांत धरला होता, प्रत्यक्षात तो कित्येक वर्षांचा असतो. त्यामुळे जे बाण काढले होते त्यांतले किती खरे, हाही प्रश्नच होता. जो जास्त सांगतो तोच उगम ठरला. आमच्या आजीबद्दल कुणी काही लिहिलं नाही म्हणून ती उगमबिंदू झाली. ड्युगा स्वतः बोलला म्हणून झाला. दोन्हीकडे दोष यादीचा.

२०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये मायकेल वोरोबी यांच्या गटाचा लेख आला. या गटात रिचर्ड मकाय हे इतिहासकारही होते, ड्युगाच्या नावाचं काय केलं गेलं याचा अभ्यास केलेले. न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को इथे १९७८-७९ मध्ये काविळीच्या अभ्यासासाठी घेतलेले दोन हजारांहून जास्त रक्तनमुने साठवणीत होते. त्यांतून आठ नमुन्यांतल्या विषाणूची पूर्ण जनुकीय रचना या लोकांनी काढली, आणि ड्युगाच्या १९८३ च्या रक्तातलीही. मग विषाणूंची वंशावळ लावली, पोथ्यांची लावतात तशीच: कुठे कोणती चूक सामाईक आहे ते बघत. ड्युगाचा विषाणू मुळाशी निघाला नाही. तो मधल्या फांद्यांत, इतर अनेकांसारखा एक. विषाणू न्यूयॉर्कमध्ये पोचला होता १९७० च्या आसपास, कॅरिबियनमधून. ड्युगाकडेही कुणाकडून तरी बाण आला होता, जसा त्या ४० जणांतल्या प्रत्येकाकडे आला होता.

आणि न्यूयॉर्क तरी उगम आहे का? त्याच्या वर कॅरिबियनचा बाण. कॅरिबियनच्या वर आफ्रिका: २०१४ च्या एका अभ्यासाने या साथीचं मूळ १९२० च्या सुमाराच्या किन्शासा शहरापर्यंत नेलं. किन्शासाच्या वर कॅमेरूनच्या आग्नेय भागातले चिंपांझी. आणि चिंपांझींमधला तो विषाणू माकडांच्या दोन वेगवेगळ्या जातींच्या विषाणूंच्या मिश्रणातून झालेला आहे. म्हणजे तिथेही दोन बाण, पुन्हा दत्तक. त्या माकडांकडे तो कुठून आला, याचा शोध चालू आहे.

तो तरुण मित्र आज आला आहे का? हां, मागे बसला आहे. बाबा रे, तुझ्या दहा ओळी आम्हाला मान्य आहेत. फक्त त्या चालवण्याआधी यादी कुणी केली, कोणत्या नियमाने केली आणि तिच्यात कोण नोंदवलं जाणारच नव्हतं, हे विचारायला अकरावी ओळ घाल. ती कोणत्या भाषेत लिहितात ते तू आम्हाला सांग. चहा झाल्यावर प्रश्न घेऊ. पुढच्या वेळी शंकराचार्यांचं अनादित्व, आज जे घाईत उरकलं ते.